रायफलीवर ९ एमएमचा ‘वरचा भाग’ : वडनेरच्या एका व्हॉइस नोटचं उत्तर

(ऐकायला वेळ नाही किंवा डेटा संपलाय अशांसाठी या भागाचं लेखी रूप. मधले ‘अं… म्हणजे…’ काढलेत, बाकी बहुतेक बोललो तसंच ठेवलंय.)

वडनेर भोलजीहून बोलतोय. मागं हायवेचे ट्रक ऐकू येतील, त्याला इलाज नाही. खिडकी लावली तर मी शिजतो.

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून. आपला एक ऐकणारा, आवाजावरून अठरा-एकोणीसचा असेल, पोलीस भरतीची तयारी करतोय म्हणाला. त्याचं जसंच्या तसं ऐकवतो:

“भाऊ, म्या एक व्हिडिओ पायला. त्याच्यात थो अमेरिकेतला माणूस रायफलीचा वरचा भाग काढते अन् दुसराच बसवते. मंग थेच रायफल पिस्तुलाच्या गोया मारते. हे खरं हाय का? अन् घ्यायचा असन तं कोनता चांगला?”

पोरा, खरं हाय. घ्यायचं म्हणशील तर आपल्याकडं घेता येत नाही, आणि का नाही तेही सांगतो. पण प्रश्न भारी आहे. हाच प्रश्न पुण्यात पाषाणला बसलेल्या इंजिनीयर लोकांना आणि आपल्या लष्कराला बरीच वर्षं पुरलाय. शिवाय तू भरती झालास तर तुझ्या खांद्यावर कोणती बंदूक येईल, हे त्याच्या उत्तरावर ठरणार.

मी काही हत्यारांतला माणूस नाही. म्हणून शेजारच्या गावातल्या एका काकांना बोलावलं. ते पोलीस दलात आर्मोरर होते, म्हणजे शस्त्रागारात बंदुका उघडून, साफ करून, दुरुस्त करून देणारे. नाव नको म्हणाले. आपण काकाच म्हणू.

वरचा भाग म्हणजे नेमका कोणता?

व्हिडिओतली रायफल ‘एआर’ घराण्यातली. १९५० च्या दशकात अमेरिकेत युजीन स्टोनर नावाच्या इंजिनीयरनं हे डिझाइन काढलं. त्याची गंमत म्हणजे बंदूक दोन तुकड्यांत येते. खालच्या तुकड्यात घोडा म्हणजे ट्रिगर, मॅगझिन बसवायची खाच, मूठ आणि दस्ता. वरच्या तुकड्यात नळी, बोल्ट आणि गोळीच्या गॅसवर बोल्ट मागं ढकलणारी व्यवस्था. दोन खिळ्यांनी हे तुकडे जोडलेले असतात. खिळे सरकवले की वरचं वेगळं, खालचं वेगळं.

बीजीएमआयमध्ये एम४१६ घेऊन पळता ना, ती याच घराण्याच्या चेहऱ्याची. आणि हे फक्त गेममध्ये नाही. आपल्या लष्करानं २०१९ मध्ये सिग सॉअर कंपनीच्या ७२,४०० रायफली मागवल्या, ‘सिग ७१६’. तीही याच पद्धतीची, फक्त कॅलिबर मोठं, ७.६२ × ५१.

आता अमेरिकेत वरचे भाग सुटे का विकले जातात? मला वाटायचं, हे यंत्राचं कौतुक असेल. मुळात कारण कायद्याचं आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यात नंबर मारलेला खालचा तुकडा म्हणजे ‘बंदूक’ आणि वरचा म्हणजे नुसता ‘पार्ट’. त्यामुळे माणूस एक खालचा भाग रीतसर घेतो आणि वरचे तीन-चार गोळा करतो. एक लांबच्या नेमासाठी, एक ९ एमएमचा, एक .२२ चा. “कोणता घेऊ?” हा प्रश्न त्या कायद्याच्या पोटातून आलाय.

आपला शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे सुटे भाग धरलेत. म्हणजे नुसता वरचा तुकडा पिशवीत सापडला तरी तो शस्त्रच. हे डोक्यात ठेवा, शेवटाकडं परत येऊ.

नऊ मोठा की साडेपाच?

गेम खेळणाऱ्या पोरांना विचारलं, ९ एमएम जबर की ५.५६? निम्मी पोरं म्हणाली, “नऊ. आकडा मोठा आहे.”

इथंच फसायला होतं. आकडा सांगतो गोळीची जाडी. जोर सांगत नाही. रायफलीच्या काडतुसाला आपण ५.५६ × ४५ म्हणतो. त्यातला ४५ म्हणजे पितळी केसची लांबी, मिलिमीटरमध्ये. पिस्तुलाचं काडतूस ९ × १९. केस निम्म्याहून आखूड, बारूद त्याहून कमी.

काकांनी वहीवर हिशेब मांडून दिला. पिस्तुलाची गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३६० मीटरच्या आसपास. दहावीचं सूत्र आठवा, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. सुमारे ५०० ज्यूल येतात. रायफलीची गोळी फक्त ४ ग्रॅमची, पण लांब नळीतून सेकंदाला ९०० मीटरच्या वर जाते. तिचे येतात १७०० च्या आसपास. वजन निम्मं, ताकद तिप्पट. वेगाचा वर्ग होतो, सगळा खेळ त्याचा.

म्हणून पन्नास मीटरवर नेम बसवलेली ९ एमएम शंभर मीटरवर जवळजवळ वीतभर खाली लागते. दोनशेवर तर नेम धरण्यापेक्षा अंदाजच धरावा लागतो. ५.५६ ला दोनशे मीटर म्हणजे रोजचं काम.

मग कोणी शहाणा माणूस चांगल्या रायफलीवर कमी ताकदीचा भाग कशाला बसवेल?

कडी आणि ज्वारीचं पोतं

इथं काका रंगले. मी त्यांचंच बोलणं देतो.

काका : हे पाय बाबू, रात्री दाराला कडी लावतो का नाही आपण? रायफलीत बोल्टाला तशी कडी असते. बोल्टाचं तोंड फिरतं अन् नळीच्या मागं अडकतं. गोळी नळीतून निघून दाब उतरला की मगच कडी उघडते.

मी : आणि ९ एमएमला?

काका : तिथं बहुतेकदा कडीच नाही. दाराच्या मागं आतून ज्वारीचं पोतं टेकवून ठेवलं, असं समज. बाहेरून कोणी ढकललं तर दार सरकते, पण पोतं जड आहे म्हणून हळू सरकते. तेवढ्यात गोळी नळीच्या बाहेर.

या पद्धतीला ब्लोबॅक म्हणतात. हिशेब साधा आहे. गोळी जितक्या जोरानं पुढं जाते, तितक्याच जोरानं बोल्ट मागं. ८ ग्रॅम गुणिले ३६० केलं आणि बोल्ट नि त्याच्या मागचं वजन मिळून ६०० ग्रॅम धरलं, तर बोल्ट सेकंदाला पाच मीटरच्या आसपास वेगानं मागं येतो. स्प्रिंगला एवढं झेपतं. ९ एमएमच्या काडतुसाचा दाब २३५० बारपर्यंत ठरवलेला आहे, ५.५६ चा ४३०० च्या घरात, आणि केसही लांब. तिथं नुसत्या पोत्यावर भागवायचं तर ते इतकं जड लागेल की बंदूक उचलायला दोघं लागतील.

म्हणजे पिस्तुलाचं काडतूस घेतलं की गॅसची नळी नको, फिरणारी कडी नको. कमी भाग, सोपी बनावट, स्वस्त. दुसऱ्या महायुद्धातली स्टेनगन याच कारणानं लाखोंनी बनली.

पण सोप्याचीही किंमत असते. ते जड पोतं मागं येऊन आदळतं, परत पुढं जाऊन आदळतं. त्यामुळे ब्लोबॅकवाली ९ एमएम खांद्याला तिच्या ताकदीच्या मानानं जास्त धक्का देते. नवख्याला वाटतं, छोटी गोळी म्हणजे मऊ बंदूक. हातात घेतल्यावर कळतं.

यावर जर्मनीच्या हेकलर अँड कॉखनं १९६० च्या दशकात एमपी५ मध्ये मधला मार्ग काढला. बोल्टात दोन छोटे रोलर. ते दाराला पूर्ण कडी लावत नाहीत, क्षणभर अडवतात. त्यामुळे बोल्ट हलका ठेवता येतो, धक्का कमी होतो, नेम टिकतो. एनएसजीच्या कमांडोंच्या हातात बातम्यांत दिसते ती हीच.

मग निवडायचं कशावर?

जिथं हे कायदेशीर आहे तिथला माणूस काय बघतो, ते सांगतो. पहिली गोष्ट बंदुकीची नाहीच. पहिली गोष्ट, चालवणार कुठं? पंचवीस-पन्नास मीटरच्या रेंजवर, बंद हॉलमध्ये, लोखंडी पाट्यांवर स्पर्धा खेळायची तर ९ एमएम बरी. आवाज कमी, ठिणगी कमी, पाट्यांची वाट लागत नाही, आणि तिकडं काडतूस रायफलीपेक्षा स्वस्त पडतं. खरं सांगायचं तर शेवटचं कारण सगळ्यात मोठं. बाकीची कारणं लोक नंतर जोडतात.

मग मॅगझिन. ही अडचण व्हिडिओत कोणी नीट सांगत नाही. वरचा भाग बदलला तरी मॅगझिनची खाच खालच्या भागात आहे, आणि ती लांब ५.५६ च्या काडतुसासाठी बनवलेली. ९ एमएमचं मॅगझिन तिथं ढिलं पडणार. म्हणून एकतर खाचेत अडॅप्टर टाकायचा, नाहीतर ९ एमएमसाठी वेगळाच खालचा भाग घ्यायचा. म्हणजे ‘फक्त वरचा बदलला’ हे अर्धसत्य! कोल्ट कंपनीनं १९८० च्या दशकात आपली ९ एमएमची एआर काढली, तेव्हा खाचेतच ठोकळा बसवून वाट काढली होती. आज लोक ग्लॉक पिस्तुलाच्या मॅगझिनवर चालणारे भाग जास्त घेतात, कारण कमरेच्या पिस्तुलाला आणि खांद्याच्या बंदुकीला एकच मॅगझिन चालतं. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट मागं थांबणं ही साधी सोयसुद्धा अशा जोडकामात कधी कधी जाते.

नळीची लांबी ही मला सगळ्यात मजेदार गोष्ट वाटली. ५.५६ चा बारूद सावकाश जळतो, त्याला लांब नळी हवी. वीस इंचांची नळी सात इंचांवर आणली तर वेग धाडकन पडतो, आणि उरलेला बारूद नळीबाहेर जळतो. डोळे दिपतात, कान बसतात. दिवाळीतला सुतळी बॉम्ब खोलीत फोडल्यासारखं. ९ एमएमचा बारूद मात्र आखूड नळीतच बहुतेक जळून जातो. पिस्तुलाच्या चार-पाच इंचांवरून सोळा इंचांवर गेलात तर वेग दहा-पंधरा टक्के वाढतो, फार नाही. एमपी५ ची नळी २२५ मिलिमीटर, वेग सेकंदाला ४०० मीटर. म्हणजे खरोखर छोटी बंदूक हवी असेल तर पिस्तुलाचं काडतूस जिंकतं, कारण आखूड नळीत त्याचं नुकसान नगण्य. आणि सोळा इंचांची लांब नळी लावून ९ एमएम मारणं म्हणजे… बरं, हौसेला मोल नाही.

एक गैरसमज इथंच काढतो. ९ एमएम घरात ‘सुरक्षित’, भिंतीपलीकडं जात नाही, असं पोरं ठोकून देतात. पातळ फळी, पत्रा, दार यांतून ती आरामात जाते. मागं कोण आहे हा प्रश्न प्रत्येक कॅलिबरला लागू.

आपल्याकडचं उत्तर : खडकी, पाषाण आणि वरणगाव

आता घरी येऊ. आपल्या पोलिसांत ‘कार्बाईन’ म्हटलं की वर्षानुवर्षं एकच चित्र : डाव्या बाजूला आडवं मॅगझिन बाहेर आलेली ९ एमएमची. ही मूळची इंग्रजांची स्टर्लिंग. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत परवान्यानं बनायला लागली. मॅगझिनमध्ये ३४ गोळ्या, वजन पावणेतीन किलोच्या आसपास, दस्ता दुमडता येतो.

काका : ती बंदूक मी डोळे झाकून उघडून परत जोडायचो. भाग किती, हाताची बोटं पुरतील. चिखल, धूळ, काही होत नव्हतं. पण नव्या पोरांना आम्ही एकच सांगायचो, भरलेल्या मॅगझिनसकट आपटू नको.

का, ते विचारलं. अशा जुन्या बंदुकांत बोल्ट मागं ठेवून गोळीबार सुरू होतो. घोडा दाबला की बोल्ट सुटतो, येता येता काडतूस उचलतो आणि आदळतानाच फोडतो. बंदूक दणकन पडली आणि बोल्ट स्वतःच थोडा मागं जाऊन परत आला, तर घोड्याला हात न लावता गोळी सुटू शकते. स्टेनगन यासाठी बदनाम होती. स्टर्लिंगमध्ये सुधारणा झाल्या, पण काकांची सवय गेली नाही.

ही ९ एमएम वर्षानुवर्षं चालली, मग अडली कुठं? चिलखतावर. मऊ बुलेटप्रूफ जाकीट पिस्तुलाची गोळी थांबवतं. समोरचा जाकीट घालून आला तर कार्बाईनवाला अडकला. ही अडचण जगभर आली आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी नाटो देशांनी मधलं काडतूस शोधायला घेतलं. बेल्जियमनं ५.७ × २८ काढलं, जर्मनीनं ४.६ × ३०. गोळी बारीक आणि वेगवान.

आपलं उत्तर पुण्यात तयार झालं. पाषाणची एआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा, इन्सास रायफलही तिचीच. तिनं ५.५६ × ३० मिलिमीटरचं काडतूस धरून जेव्हीपीसी कार्बाईन बनवली. गोळीची जाडी इन्सासचीच, केस मात्र ४५ ऐवजी ३० मिलिमीटर. कडी हवी, म्हणून गॅसवर चालते. डिसेंबर २०२० मध्ये तिनं लष्कराच्या शेवटच्या चाचण्या पार केल्याचं संरक्षण मंत्रालयानं जाहीर केलं. बंदूक कानपूरची, गोळ्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या. खडकीचा हा कारखाना १८६९ चा.

आणि वडनेरकरांनो, यात आपलाही रस्ता आहे. या हायवेनं मलकापूर, मुक्ताईनगर सोडून पुढं गेलात की वरणगाव. तिथली ऑर्डनन्स फॅक्टरी १९६४ पासून छोट्या हत्यारांच्या गोळ्या बनवते. इन्सासची ५.५६ तिथं बनते. भुसावळला जाताना ती लांबलचक भिंत कितीदा पाहिली असेल, पण आत काय होतं हे मला काकांकडूनच कळलं. २०२१ पासून खडकी आणि वरणगाव दोन्ही म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत, तिचं मुख्यालयही पुण्यात.

वाटलं असेल, संपली ९ एमएम. नाही. जानेवारी २०२१ मध्ये ‘अस्मि’ आली. महूच्या इन्फन्ट्री स्कूलमधले लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि एआरडीई यांनी मिळून चार महिन्यांत ही ९ एमएमची मशीन पिस्तूल उभी केली. आणि बघा, इथंही तेच : वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा. काही भाग, ट्रिगरचेसुद्धा, थ्रीडी प्रिंटिंगनं केलेले. एका बंदुकीचा खर्च ५० हजारांच्या आत बसेल असं तेव्हा सांगितलं गेलं. २०२४ मध्ये लष्कराच्या उत्तर कमांडनं अशा ५५० मागवल्या, बनवणारी कंपनी हैदराबादची लोकेश मशिन्स.

दुसऱ्या बाजूला, लष्कराच्या मोठ्या खरेदीत निकाल उलटा लागला. जवळच्या लढाईसाठी सव्वाचार लाख कार्बाईन हव्या होत्या. २०२५ मध्ये त्या स्पर्धेत पुण्याची भारत फोर्ज सगळ्यात कमी बोलीवर आली, दुसरा वाटा पीएलआर सिस्टिम्सचा. भारत फोर्जची कार्बाईन एआरडीईच्या डिझाइनची. कॅलिबर? ५.५६ × ४५. पूर्ण रायफलीचं काडतूस, आखूड नळीत. आवाज जास्त, ठिणगी जास्त, हे सगळं मान्य करून.

मी काकांना विचारलं, असं का?

काका : गोळीचा पुरवठा, बाबू. सेक्शनमध्ये दहा माणसं असली अन् आठ जणांची गोळी एक, दोघांची दुसरी, तर वेळेला कोण कोणाला देईल? लष्कराला एकच गोळी सगळ्यांत चालली पाहिजे. पोलिसाचं वेगळं. त्याच्या कमरेला ९ एमएमचं पिस्तूल आहे, तर खांद्यावर तीच गोळी चालते. शिवाय तो बाजारात, स्टेशनवर उभा असतो. तिथं दोनशे मीटर मारायचं नसतं.

मला हे उत्तर आवडलं. व्हिडिओवाला धक्का, आवाज, दिसणं यावर वीस मिनिटं बोलतो. इथं निर्णय लागला तो शेजारच्या जवानाच्या मॅगझिनवर.

आता त्या ‘घ्यायचा असन तं’ कडं

पोरा, तुझ्या व्हॉइस नोटमधले हे तीन शब्द मला झोपू देईनात. म्हणून सरळ बोलतो.

पहिलं, ९ एमएम. शस्त्र नियम २०१६ च्या यादीत, सरकारी सेवेतली ९ एमएम गोळी ज्यात बसते असं पिस्तूल किंवा कार्बाईन प्रतिबंधित वर्गात आहे. म्हणूनच परवानाधारकांकडं कानपूर-ईशापूरची .३२ दिसते, ९ एमएम दिसत नाही. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीही, म्हणजे एक दाब एक गोळी पण पुढची आपोआप भरणाऱ्या, याच कडक रकान्यात. त्याचा परवाना कलेक्टर ऑफिसात मिळत नाही, तो विषय दिल्लीत गृह मंत्रालयाचा. म्हणजे ‘सेमी-ऑटो रायफल अधिक ९ एमएमचा वरचा भाग’ यातल्या दोन्ही गोष्टी आपल्याला बंद.

दुसरं, बदल करणं. अधिनियमाचं कलम ६ आधी नळी कापण्याबद्दल आणि खोट्या बंदुकीची खरी करण्याबद्दल होतं. २०१९ च्या दुरुस्तीत त्यात भर पडली : एका वर्गातलं हत्यार दुसऱ्या वर्गात बदलणंही विनापरवाना गुन्हा. वरचा भाग बदलून कॅलिबर बदलणं यातच येऊ शकतं. शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. नुसतं प्रतिबंधित हत्यार जवळ सापडलं तर सात ते चौदा वर्षं. लग्नात हवेत बार काढला, कोणाला लागलं नाही तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तिसरं, आपला भाग. जळगाव जामोद-संग्रामपूरच्या वर सातपुडा, पलीकडं मध्य प्रदेश. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं पाचोरी, बडवानीकडचं उमर्टी, ही नावं पोलिसांच्या बातम्यांत गावठी पिस्तुलांसोबत पुन्हा पुन्हा येतात. ‘नऊ एमएम आहे भाऊ, एकदम ओरिजिनल’ असं म्हणत कोणी फोटो पाठवतो. काकांनी जप्तीतली अशी हत्यारं पाहिलीत. त्यांचं म्हणणं, वरून कोरलेलं नाव सुबक असतं, पण नळीचं पोलाद कुठलं, त्याला पाणी कसं दिलं, दाबाची चाचणी झाली का, काही पत्ता नाही. २३५० बारचा दाब. तोही तोंडापासून हातभर अंतरावर. रीतसर बंदूक कारखान्यातून निघताना जास्त दाबाचं काडतूस टाकून तपासतात. या पिस्तुलाची पहिली चाचणी घेणाऱ्याच्या हातात होते.

आणि भरतीवाल्यांनो, चारित्र्य पडताळणी असते. हातात कट्टा घेतलेला एक स्टेटस, मित्राचा का असेना, आणि वर गुन्हा नोंद झाला, तर सोळाशे मीटर कितीही कमी वेळात मारलेत तरी फाईल तिथंच थांबते. काकांनी अशी एक फाईल थांबलेली पाहिलीये. पोराच्या बापाला त्यांनीच समजावलं होतं, त्यावर ते जास्त बोलले नाहीत.

शेतकरी मंडळींचाही प्रश्न येतो, रोही आणि रानडुकरं पीक खातात, मग बंदूक? पीक संरक्षणासाठी कायद्यात वेगळी सोय आहे, ठासणीच्या बंदुकीची. तोंडाकडून बारूद भरायची, एक बार की परत भरा. शिवाय परवाना म्हणजे जनावर मारायची मुभा नव्हे, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी. यावर पूर्ण भाग करायचाय.

ज्याला खरंच नेमबाजीच करायचीये त्याच्यासाठी एक गंमत. ‘पिस्तुलाची गोळी रायफलीत’ ही गोष्ट ऑलिंपिकमध्ये रोज चालते! कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ज्यानं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणलं, तो मारतो .२२ ची गोळी. कोल्हापूरचीच राही सरनोबत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेतली २५ मीटर पिस्तूलची सुवर्णविजेती, तीही .२२ चीच. काडतूस एकाच जातीचं, एक खांद्यावरून, एक एका हातानं. ताकद दीडशे ज्यूलच्या आसपास, आपल्या ९ एमएमच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी, आणि पन्नास मीटरवर १०.४ मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळात. स्वप्नील मध्य रेल्वेत टीसी होता, म्हणजे नांदुरा-मलकापूरवरून गाड्या जातात त्याच रेल्वेत.

सुरुवात मात्र सगळ्यांची एअर रायफलनं होते. .१७७ बोर आणि २० ज्यूलच्या आतली असेल तर शस्त्र परवाना लागत नाही. घेताना बिल आणि वयाचा पुरावा सांभाळून ठेवा.

शेवटी काकांना विचारलं, तुम्हाला शस्त्रागारातून एकच काढायला सांगितली तर? जुनी ९ एमएम कार्बाईन, जेव्हीपीसी की नवी ५.५६?

काका : ड्युटी कुठं आहे ते सांग आधी.

मी : मलकापूर स्टेशन, रात्रपाळी, प्लॅटफॉर्मवर गर्दी.

काका : मंग नऊ एमएम. जुनी नाही, नवीवाली. अन् बोट घोड्याच्या बाहेर.

पुढच्या भागात ठासणीची बंदूक आणि रोही. ज्यांच्या शेतात नुकसान झालंय त्यांनी व्हॉइस नोट पाठवा, गावाचं नाव सांगायचं नसेल तर नका सांगू.